तेरा दिवसांची खोली

"उद्या दहावा," गोदावरीकाकू म्हणाल्या. पिठलं-भाताचं ताट त्यांनी उंबऱ्याबाहेर टेकवलं आणि आपला पदर ताटाला लागणार नाही इतक्या मागे सरकून उभ्या राहिल्या. "आमच्या वेणूनं घाटावर सांगून ठेवलंय. सहाला निघायचं. बरोबर पुरुषमाणूस नाही, तेव्हा तुमच्या आईच्या नावानं तोच बसेल. तुम्ही फक्त नमस्कार करायचा." मीनाने हेडफोन मानेवर ओढला आणि "बरं" म्हणाली. पाय मात्र टेबलाखालच्या पेडलवरच राहिला होता. त्यामुळे हेडफोनमधून रेकॉर्डिंगमधला टेक्सासचा डॉक्टर बोलतच राहिला, कुणा बाईच्या सुजलेल्या घोट्यांबद्दल, बारीक आवाजात, न थांबता. काकू जिना उतरून गेल्या. मीनाने पाय उचलला तसा डॉक्टर अर्ध्या शब्दावर गप्प झाला. मग खोलीत एकदम किती शांत आहे ते तिला जाणवलं, आणि आपण आत्ता कशाला "बरं" म्हणालो तेही. उद्या दहावा होता आणि मेलं कुणीच नव्हतं. म्हणजे आई गेली होती, ती खरीच गेली होती, पण त्याला दोन वर्षं झाली होती. तिचा दहावा भावाने तेव्हाच यथासांग केला होता. एका बाईला दोनदा दहावा घालायला निघालेली आपण जगातली पहिलीच मुलगी असू, असं तिच्या मनात आलं, पण हसू आलं नाही.

आता याला दोष कुणाला द्यायचा? खरं बोलायचं तर दोष मीनाच्या तोंडाचा. ते वेळेवर कधी उघडलं नाही. शाळेत असल्यापासून नाही. "भीड भिकेची बहीण गं बाई," आई म्हणायची, आणि आईचंही तोंड कुठे उघडायचं म्हणा. सात दिवसांपूर्वी मीना औरंगाबादच्या गाडीने नाशकात उतरली, तेव्हा तिच्याकडे एक बॅग होती, पाट्यासारखा जड जुना लॅपटॉप होता, आणि हातात ते पेडल. पायाने दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. असलं पेडल नसेल तर अमेरिकेतल्या डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं तिचं काम ठप्प, कारण दोन्ही हात टाइप करण्यात गुंतलेले असतात. मिरजेच्या लॉजवर त्याचा एक कोपरा तडकला होता, म्हणून ती ते बॅगेत न कोंबता ओटीत आलेल्या एका लाल खणात बांधून हातातच धरायची, छातीशी. दिवसभर ती त्या गाठोड्यासकट घरं बघत हिंडली. एकूण नऊ घरं. गंगापूर रोडच्या एका निवृत्त साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "ऑफिस कुठंय तुमचं?" ती म्हणाली, "ऑफिस नाही. मी घरून काम करते." साहेबांनी विचारलं, "मग घर कुठंय?" ती म्हणाली, "तेच शोधतेय." साहेब चष्म्यावरून तिच्याकडे बघतच राहिले. यात न समजण्यासारखं काय आहे ते तिला कळेना, आणि यात समजण्यासारखं काय आहे ते साहेबांना. इंदिरानगरच्या बाईंनी दारातच विचारलं, मिस्टर कुठे असतात? मिस्टर नाहीत, लग्नच केलं नाही, असं सांगितल्यावर बाईंनी एकेचाळीस वर्षांच्या मीनाला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाल्या की आमच्याकडे फॅमिलीलाच देतात. मखमलाबाद नाक्यावरचा माणूस तर म्हणाला, अमेरिकेचा डॉक्टर फोनवर बोलतो आणि तुम्ही इथं बसून लिहिता, आम्हाला काय येडे समजता का?

संध्याकाळी पंचवटी कारंजावर ती रिक्षात बसली तेव्हा तिला रडूही येत नव्हतं, इतकी ती दमली होती. तिने रिक्षावाल्याला म्हटलं, खोली पाहिजे, एकटीला. त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं, मांडीवरच्या लाल गाठोड्याकडे पाहिलं, आणि एकदम त्याचा आवाज मऊ झाला. "बसा ताई. एक घर आहे. एकट्या बाईला नाही म्हणणार नाहीत." भाडंही त्याने वाजवीच घेतलं. रामकुंडाच्या अलीकडच्या बोळातली ती तीन मजली सिमेंटची इमारत. खाली काकू आणि त्यांचा मुलगा वेणीमाधव, तो घाटावर क्रियाकर्म सांगतो; वर खोल्या. दारातच वेणीमाधव म्हणाला, "ते आत नेऊ नका, तिथं झाडाला अडकवा," आणि अंगणातल्या औदुंबराच्या फांदीकडे त्याने बोट दाखवलं. असेल काहीतरी घरचा नियम, म्हणून तिने पेडल झाडाला अडकवलं. काकूंनी विचारलं, "कोण?" ती म्हणाली, "आई." का म्हणाली? दमलेल्या माणसाला "कोण?" असं विचारलं की जे मनात सदा असतं तेच तोंडात येतं. "काल?" काकूंनी विचारलं. यावर मीना गप्प बसली. बस, हीच ती चूक. काकूंनी बोटांवर दिवस मोजले, वेणीमाधव म्हणाला अस्थी दहाव्यालाच सोडू, तोवर कुणी पुरुषमाणूस आला तर बरंच; आणि तेरा दिवसांसाठी वरची खोली तिला मिळाली. स्वच्छ खोली, एक टेबल, विजेचं बटण टेबलाच्या अगदी वर, खिडकीतून घाटाकडची हवा. नऊ घरांनी जिवंत मीनाला जे दिलं नव्हतं ते सुतकातल्या मीनाला एका शब्दात मिळालं, वर दोन वेळचं जेवण. सुतक असलेल्याने चूल पेटवायची नसते, म्हणून शेजारपाजारच्यांनी पिठलं-भात द्यायचा असतो, आणि इथे शेजारपाजारचं कुणी नसलं तर काकूच द्यायच्या, गेली बावीस वर्षं, येईल त्याला.

झाडाला आपण अस्थी म्हणून काय टांगलं आहे ते तिला दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आल्याआल्या उमगलं. ती अंथरुणात ताडकन उठून बसली. तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. पण नऊ वाजेपर्यंत चार फायली द्यायच्या होत्या आणि पेडल झाडावर होतं. ती उजाडायच्या आत खाली गेली, खणातून पेडल काढून घेतलं आणि खण रिकामा दिसू नये म्हणून खोलीतला पितळी लोटा त्यात बांधून पुन्हा फांदीला अडकवला. गप्प बसणं ही एक गोष्ट, पण हे तर हातांनी केलेलं खोटं होतं. आणि ते कुणी पाहिलं नव्हतं असंही नाही. अंगणाच्या कडेला नवसाबाई बादली भरत होती. हरसूलकडची, साठीची, इथे खोल्या धुण्याचं काम करणारी. तिने पाहिलं, बादली उचलली आणि निघून गेली. तेव्हापासून एक अक्षर बोलली नाही. पण आज काकू ताट ठेवून गेल्यावर ती फरशी पुसायला वर आली, फडकं पिळता पिळता म्हणाली, "ताई, त्याच्यात लोटा हाय ना? काकू लोटा शोधू राह्यल्या." मीनाने हातातला घास ताटात ठेवला. "मी नाय सांगत," नवसाबाई म्हणाली, "मला काय करायचंय. पर उद्या त्यो कुंडात जाईल. चांगला लोटा हाय." एवढं बोलून तिने टेबलाखालून फडकं फिरवलं, पेडल हळूच उचलून खाली पुसलं, पुन्हा होतं तसं ठेवलं.

मीनाने ताट अर्धवट सोडलं. खिडकीशी जाऊन उभी राहिली. पळून जाता येईल, तिला वाटलं. बॅग भरायला दहा मिनिटं लागतात. दीड वर्षात हात बसला होता. वाई, मिरज, औरंगाबाद, मधे पंधरा दिवस बार्शी. कुठेही बसून करता येतं हे काम, असं ती भावाला फुशारकीने सांगायची. खरंही होतं ते. सायबर कॅफेत जाऊन फायली उतरवून आणायच्या, ऐकायच्या, टाइप करायच्या, पुन्हा जाऊन पाठवायच्या. काम कुठेही होत होतं. झोपण्याची मात्र पंचाईत होती. लॉजवाले आठवडाभरानंतर विचित्र बघायला लागायचे. एके ठिकाणी मॅनेजरने रोज संध्याकाळी दार ठोठावून काही हवंय का विचारायला सुरुवात केली, तेव्हा तिने दाराला टेबल लावून झोपायला सुरुवात केली आणि नवव्या दिवशी गाव सोडलं. आता हैदराबादच्या कंपनीचं पत्र आलं होतं. एक तारखेपासून कायमची नेमणूक, घरून काम, महिन्याचा पगार. अट एवढीच की कायमचा पत्ता हवा आणि खोलीत फोनची तार हवी. फोनसाठी घराचा करार हवा, अकरा महिन्यांचा. ते नसेल तर आता आहे तेही काम बंद. चार दिवस राहिले होते. त्यानंतर पनवेलला भावाच्या हॉलमधला दिवाण. भाऊ वाईट नव्हता. वहिनीही वाईट नव्हती. दिवाणावर बसलेल्या नणंदेला ती चहासुद्धा आधी द्यायची. पण दिवाणावरचं माणूस टीव्ही बंद होईपर्यंत आडवं होऊ शकत नाही आणि पाहुणे आले की चादरीची घडी करून उभं राहतं. मीनाला ते नको होतं. मला दार असलेली खोली हवी, ती स्वतःशी म्हणाली, आणि त्या दाराची किल्ली हवी. एवढं स्पष्ट तिने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं, स्वतःकडेसुद्धा.

नगरच्या घराला दार होतं. दोन खोल्या, आई आणि ती, अकरा वर्षं. आईचा दमा, आईची औषधं, रात्री आईच्या पाठीवरून फिरवायचा हात. शेवटच्या उन्हाळ्यात तिने हे काम शिकायला घेतलं, कारण घरात बसून होणारं दुसरं काम नव्हतं. पहिली परीक्षेची फाइल आली ती वैशाखात, दुपारी तीनला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, दम लागतो, रात्री बसून काढते. डॉक्टर भरभर बोलत होता आणि एक शब्द काही केल्या लागत नव्हता. तिने तो सहा वेळा मागे घेऊन ऐकला, सातव्यांदा लागला. तिला इतका आनंद झाला की तिने टेबलावर हात आपटला. मग हेडफोन काढला. बाहेरच्या खोलीत पंखा फिरत होता आणि आई पलंगावर अर्धी खाली झुकलेली होती, पाण्याचा पेला जमिनीवर. घरी आलेले डॉक्टर म्हणाले, झटक्यात गेल्या, त्रास झाला नसेल. भाऊ म्हणाला, तू तरी काय करणार होतीस. सगळे चांगलंच बोलले. पण आईने हाक मारली होती का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. मारली असेल तर किती वेळा? ती सहा वेळा परक्या बाईचा श्वास ऐकत होती, तेव्हा भिंतीपलीकडे काय चाललं होतं? दीड वर्ष ती गावं बदलत होती आणि हा एक प्रश्न तिच्याआधी जाऊन प्रत्येक खोलीत बसलेला असायचा. आईच्या दिवसांत ती रडली नव्हती. सुतक तिने पाळलं म्हणजे काय, तर भाऊ सांगेल ते केलं. पण इथे, या परक्या खोलीत, खोट्या सुतकात, काकूंनी ताट उंबऱ्याबाहेर ठेवून "जेवा हं पोटभर, उपाशी राहून माणूस परत येत नाही" असं म्हटलं होतं, त्या पहिल्या संध्याकाळी ती पिठलं खाता खाता ढसाढसा रडली होती. ते रडणं खोटं नव्हतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच तिला पळून जाता येईना.

तिने हात धुतले. अंगणात जाऊन औदुंबराच्या फांदीवरून गाठोडं काढलं आणि ते उघडपणे हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. काकू परातीत उद्याच्या पिंडांचे तांदूळ निवडत होत्या. "अगं बाई, ते आत नका आणू," त्या म्हणाल्या. मीनाने उंबऱ्यावरच बसकण मारली, खण सोडला आणि लोटा जमिनीवर ठेवला. काकूंनी लोट्याकडे पाहिलं. "हा मी किती दिवस झाले शोधतेय," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा हात तांदळात तसाच राहिला. मीनाने सांगायला सुरुवात केली. एकदा उघडल्यावर तिचं तोंड थांबेना. लोट्याचं सांगितलं, पेडलचं सांगितलं, नऊ घरांचं सांगितलं, आई दोन वर्षांपूर्वी गेल्याचं सांगितलं. माफ करा, असं मात्र ती एकदाच म्हणाली, कारण दोनदा म्हटलं असतं तर पुढचं मागता आलं नसतं.

काकूंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "सात दिवस," त्या म्हणाल्या, "सात दिवस मी तुला शिवले नाही. ताट लांबून सरकवलं. वेणू घाटावर चार जणांना सांगून आला की बिचारीचं कुणी नाही, मीच मुलगा होऊन बसतो. आणि तू वर बसून लोटा टांगतेस? मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं बोलताना जीभ झडली नाही?" अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. मीना म्हणाली, "झडली नाही काकू. भीती वाटत होती म्हणून बोलले नाही, हा माझा गुन्हा. जेवणाचे, राहण्याचे जे असतील ते मी देईन." काकू ताडकन म्हणाल्या, "सुतकाच्या अन्नाचे पैसे घेतात होय?" तेवढ्यात वेणीमाधव आतून आला. त्याने सगळं ऐकलं असावं, कारण त्याने आईकडे, लोट्याकडे आणि मीनाकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे उद्या पहाटे मला उठायला नको." काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने चपला घालून बाहेर पडला.

"मला एक मागायचंय," मीना म्हणाली. "ती खोली मला हवी. अकरा महिन्यांच्या करारानं, भाड्यानं. फोनची तार माझ्या खर्चानं." काकू हसल्याच, पण कडू. "ती खोली भाड्याची नाही. तिथं माणसं तेरा दिवस राहतात, रडतात आणि जातात. दुःखाची खोली आहे ती." मीना म्हणाली, "मला चालेल." काकू म्हणाल्या, "मला नाही चालणार." मीना उठली नाही. "तुम्ही नाही म्हणालात तर मी जाईन. पण आत्ता रागात म्हणताय. राग उतरेपर्यंत मी इथं बसते." आणि ती खरंच बसून राहिली. काकूंनी तांदूळ निवडायला घेतले. उद्या दहावा नाही हे ठाऊक असून त्या निवडत राहिल्या, खडे बाजूला काढत राहिल्या. अर्धा तास तरी गेला असेल. नवसाबाई बादली घेऊन एकदा आत आली आणि एकदा बाहेर गेली. मीनाच्या पायाला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुणाच्या तरी दारात हक्क नसताना बसलो आहोत आणि लाज वाटत नाहीये, याचं तिला नवल वाटत होतं.

"काम काय करतेस म्हणालीस?" शेवटी काकूंनी परातीतून मान वर न करता विचारलं. मीना वर जाऊन लॅपटॉप घेऊन आली, पेडल जमिनीवर ठेवलं आणि हेडफोन काकूंच्या पुढे धरला. काकूंनी तो आधी पदराने पुसला, मग कानाला लावला. मीनाने पेडल दाबलं. काकूंचे डोळे बारीक झाले. "कुणाबद्दल बोलतोय?" त्यांनी नको इतक्या मोठ्याने विचारलं. "एका बाईबद्दल. पाय सुजलेत तिचे." "बरी आहे का?" "मला कळत नाही काकू. मला फक्त एवढंच ऐकायला मिळतं. पुढचं कधीच कळत नाही." काकू थोडा वेळ ऐकत राहिल्या, न कळणारी ती भाषा, जणू पुढचं त्यांना तरी कळेल. मग हेडफोन काढून त्यांनी तो मांडीवर ठेवला. "नवसा आत्ता बादली आपटून गेली ते दिसलं, ऐकू मात्र आलं नाही," त्या म्हणाल्या. "हे कानावर असताना हाक ऐकू येते का गं?"

मीनाने पेडलवरून पाय काढला. "नाही," ती म्हणाली. आणि मग तिने नगरच्या दुपारचं सांगितलं. भावाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं, सहा वेळा ऐकलेल्या शब्दाचं, टेबलावर आपटलेल्या हाताचं. काकूंनी मधे एकदाही "असू दे" म्हटलं नाही. तू तरी काय करणार होतीस, असंही नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मारली असेल हाक. नसेलही. मला कसं ठाऊक असणार?" इतकं सरळ तिला आजवर कुणी बोललं नव्हतं. तिला रडू आलं, आणि आश्चर्य म्हणजे बरं वाटलं. काकूंनी खाली ठेवलेला लोटा उचलला, पदराने त्याचं बूड पुसलं. मग इकडे-तिकडे बघत, तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली ही इमारत बांधून. हजार माणसं राहून गेली असतील वर. जेवली, रडली, माझ्या हातचं खाऊन उठली. पण दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं ना? म्हणून कुणी म्हणत नाही. उठतात आणि पाठ फिरवून चालू लागतात. पुन्हा नाशकात आले तर दुसरीकडे उतरतात, बाजारात दिसले तर ओळख देत नाहीत. मी त्यांच्या वाईट दिवसांतली ना." लोटा त्यांनी बाजूला ठेवला. "त्यांचं बरोबरच आहे. पण बावीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत."

मग त्या एकदम व्यवहाराला लागल्या. एका कानावरच ते यंत्र लावायचं, दुसरा कान मोकळा. काम करताना दार उघडं. महिन्यातून एकदा भावाला पत्र टाकायचं, नाहीतर उद्या तो इथं येऊन माझ्या नावानं ओरडेल. सुतकाचे यजमान आले तर बाकीच्या दोन खोल्या आहेत, तिथं तू जायचं नाही आणि नाक मुरडायचं नाही. मीना प्रत्येक गोष्टीला हो म्हणाली; दार उघडं ठेवण्याला मात्र म्हणाली, "दिवसा ठेवीन. रात्री कडी लावीन, आणि किल्ली माझ्याकडे." काकूंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "आधी नवसा ती खोली धुऊन काढेल, कोपरान् कोपरा. गोमूत्र शिंपडेन मी. मग राहा." कराराचा कागद कोर्टाशेजारच्या टपऱ्यांवर मिळेल, पाचला बंद होतात, आत्ता गेलीस तर होईल, हेही त्यांनीच सांगितलं.

मीनाने पर्स घेतली. चपला घातल्या. पायांतल्या मुंग्या अजून गेल्या नव्हत्या. बोळात ऊन कलतं होतं, घाटाकडून कुणाच्या तरी क्रियेचे मंत्र ऐकू येत होते, आणि समोरून एक कुटुंब लाल फडक्यातलं काहीतरी घेऊन या दाराकडेच येत होतं. ती त्यांना वाट द्यायला बाजूला झाली. मग पुन्हा उंबऱ्यापाशी आली आणि आत तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येते हं काकू."

येणारी माणसं दचकून थांबली. या दारात असं बोलायचं नसतं हे त्यांनाही ठाऊक होतं.

"ये," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जाड होता. "आणि वेळेत ये, जेवायला थांबते मी."